बीजिंगमध्ये छीगोंग शिकायचंय? मॉलमधला क्लास सोडा, थ्येनथान पार्क गाठा

आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे बीजिंगला आली होती, वय ६७, गुडघे दुखतात, बीपीची गोळी रोज चालू. मोकळ्या हवेत काहीतरी हलकं करायचंय म्हणाली म्हणून छीगोंग, म्हणजे श्वासाबरोबर सावकाश हालचाली करायचा चिनी व्यायाम, बघू म्हटलं. दोन ठिकाणी गेलो, दोन्हींचं सांगते कारण इथल्या आपल्या बऱ्याच लोकांनी विचारलंय.

पहिला मॉलमधला क्लास, नाव देत नाही. चकचकीत लाकडी फरशी, उदबत्ती, रेशमी ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यायचा आणि वीस सेशनचे पैसे आधीच भरायचे. पाच हजार वर्षांची गुप्त विद्या आहे म्हणे. तिसऱ्याच दिवशी तिथले सर आईला म्हणाले, महिन्याभरात तुमची छी (शरीरातली ऊर्जा म्हणतात ती) मोकळी होईल, मग बीपीच्या गोळ्या हळूहळू बंद करा. मी तिथल्या तिथे आईला उठवलं आणि घरी घेऊन आले. उरलेले पैसे बुडाले त्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग गोळ्यांचा आहे, असं ऐकून कितीजण खरंच गोळ्या सोडत असतील हो!

आणि गुप्त वगैरे काही नाही यात. हुनान प्रांतात मावांगदुईला १९७३ साली एक थडगं खणलं, त्यात रेशमावर रंगवलेली ४४ माणसं मिळाली, कुणी हात वर ताणलेत, कुणी कंबरेतून वाकलंय, आणि ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ चं. म्हणजे व्यायाम जुनाच, पण छीगोंग हे नाव सगळीकडे रुळलं ते १९५० नंतर, ल्यू ग्वेजन यांनी सरकारी आरोग्यकेंद्रात शिकवायला घेतलं तेव्हापासून. आम्ही शिकलो तो बादुआनजिन, आठ हालचालींचा, त्याचा आजचा ठरलेला क्रम तर सरकारच्या क्रीडा खात्यानेच २००३ मध्ये छापून दिलाय आणि त्याचे व्हिडिओ फुकट मिळतात.

आता पार्क. थ्येनथान म्हणजे टेम्पल ऑफ हेवन, १४२० साली बांधलेलं, बादशहा इथे चांगलं पीक येऊ दे म्हणून प्रार्थनेला यायचे. मेट्रोची ५ नंबर लाइन, थ्येनथान तोंगमन स्टेशन, बाहेर पडलं की समोरच पूर्वेचं गेट. उन्हाळ्यात सकाळी सहाला उघडतं, तिकीट १५ युआन, पासपोर्ट जवळ ठेवा. आत जुन्या सायप्रसच्या झाडांखाली जागोजागी ग्रुप असतात, कुणी थायची (आपण ताई ची म्हणतो ते), कुणी तलवार, कुणी नुसतं गाणं लावून नाच. आम्ही एका बादुआनजिनच्या ग्रुपच्या मागे जाऊन उभ्या राहिलो, कुणी फी नाही मागितली की नाव नाही विचारलं, दुसऱ्या दिवशी आईसाठी पुढच्या रांगेत जागा ठेवलेली होती!

शिकवणाऱ्या आजी पंचाहत्तरीच्या असतील. पहिल्या हालचालीत दोन्ही हात आभाळाला टेकवल्यासारखे वर न्यायचे, आईचे खांदे कानापर्यंत चढायचे. आजी मागून आल्या, दोन बोटं आईच्या खांद्यावर ठेवली, दाबली नाहीत, नुसती ठेवली, आणि म्हणाल्या फांगसोंग, म्हणजे सैल सोड. खांदा आपोआप खाली आला आणि श्वास पोटापर्यंत गेला, मला बाजूने दिसत होतं. आजी सारख्या 'मान, मान' म्हणायच्या, आई बिचारी मान वळवायची, मग मी सांगितलं की चिनीत मान म्हणजे सावकाश. आणि सगळे तिला 'आयी' म्हणतात, इथे आयी म्हणजे मावशी, आईला ते इतकं आवडलं की विचारू नका.

मला पटलं ते हे की कुणी काही बरं करायचं वचन देत नाही. सहाव्या हालचालीत खाली वाकून पाय धरायचे असतात, आईचं बीपी कळल्यावर आजींनी तिला गुडघ्यापर्यंतच थांबवलं, डोकं खाली सोडायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. पाचवीत घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकून बसायचं असतं, ते तिने अर्धंच करायचं. पूर्ण क्रम साधारण बारा मिनिटांत होतो, दोनदा करायचा. अडीच महिन्यांनी आईचं बीपी होतं तसंच आहे, गोळी चालूच आहे, पण जिना उतरताना कठडा सोडून उतरायला लागली, झोप चांगली लागते. छी म्हणजे नेमकं काय ते मला अजून सांगता येणार नाही, तळहात गरम होतात एवढं मात्र रोज होतं.

उणं एवढंच की आठनंतर टुरिस्टांची झुंबड उडते, सुट्टीच्या दिवशी तर फार, आणि चिनी अजिबात येत नसेल तर पहिला आठवडा जड जातो. पार्कला पाचपैकी साडेचार, क्लासला एक पण नाही.

आणि जाड सोलचे स्पोर्ट शूज घालून जाऊ नका. आठव्या हालचालीत टाचा उचलून सात वेळा हलकेच जमिनीवर टेकवायच्या असतात, तो धक्का टाचेतून वर पाठीत जाणवला पाहिजे. आजींनी आईचे शूज बघून मान हलवली आणि स्वतःचा काळा कापडी बूट काढून त्याचा पातळ तळ दाखवला. आम्ही त्याच दिवशी तसे दोन जोड घेतले.