गिओनमधली मियाको ओदोरी: गल्लीत वाट बघू नका, तिकीट काढा

क्योतोला निघालेला प्रत्येक जण विचारतो की गेशा कुठे दिसतील, माझं उत्तर एकच, एप्रिलमध्ये जात असाल तर मियाको ओदोरी, म्हणजे गिओन वस्तीतल्या गेशांचा दरवर्षीचा नाचाचा कार्यक्रम, बघा. मी आधी चूक केली, एका टूरवाल्याकडून (नाव राहू दे) संध्याकाळचा 'गेशा वॉक' घेतला, दीड तास हानामिकोजी रस्त्यावर उभे होतो, शेवटी एक माइको (शिकाऊ गेशा) झपझप चालत गेली आणि आमच्यातलेच पाच-सहा जण मोबाईल काढून तिच्यामागे धावले. इतकी लाज वाटली मला! ती मुलगी कामावर निघाली होती हो. तिथल्या खाजगी गल्ल्यांत फोटोला बंदी आहे, 10,000 येन दंडाच्या पाट्या आहेत, 2024 पासून काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्यात, बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी गिओन कोबू या गेशांच्या वस्तीच्या काबुरेन्जोला, म्हणजे त्यांच्या थिएटरला, गेले. गिओन-शिजो स्टेशनपासून चालत जाता येतं. 1913 सालचं लाकडी थिएटर, भूकंपाच्या दृष्टीने मजबूत करायला 2016 मध्ये बंद केलं होतं, 2023 पासून प्रयोग परत इथेच होतात.

थोडे जास्त पैसे देऊन चहासकटचं तिकीट घ्या, नक्की घ्या. एक गेइको (क्योतोत गेशाला गेइको म्हणतात) समोर बसून माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, घोटते. गर्दी खूप असते त्यामुळे निवांतपणा नाही, आणि बहुतेकांचा वाडगा आतूनच येतो, पण एवढ्या जवळून बघायला परत कुठे मिळणार? शेजारची माइको वळली तेव्हा पाठीवरून लोंबणारा तो लांबलचक ओबी (किमोनोचा कमरपट्टा) दिसला, त्याच्या टोकाला तिच्या ओकियाचं म्हणजे ती राहते त्या घराचं चिन्ह असतं. मानेवर पांढऱ्या रंगात मुद्दाम सोडलेल्या कातडीच्या रेघा, केसांत एप्रिल म्हणून साकुराची (चेरीची) फुलं. गोड खाऊ ज्या बशीत देतात ती बशी घरी न्यायची असते, विसरू नका.

मग खेळ. अंधारातून "मियाको ओदोरी वाऽऽ" अशी हाक येते, आतून सगळ्या "योईयासाऽऽ" म्हणून ओ देतात आणि दोन्ही बाजूंच्या हानामिचीवरून (प्रेक्षकांमधून स्टेजकडे जाणाऱ्या वाटांवरून) निळ्या किमोनोतल्या बायका रांगेने येतात, हातात साकुरा आणि विलोच्या फांद्या लावलेले पंखे. काटाच आला अंगावर. साधारण तासभर, आठ प्रवेश, मध्ये पडदा एकदाही पडत नाही, ऋतू डोळ्यांसमोर बदलत जातात आणि शेवटी सगळं स्टेज साकुराने भरून जातं. बाजूची सीट मिळाली तर नाराज होऊ नका, शामिसेन (तीन तारांचं वाद्य), ढोल आणि बासरीवाल्या तिथेच दोन्ही कडेला बसतात, त्यासुद्धा गेइकोच.

आपल्याला लावणीची सवय, डोळे बोलतात, समोरून शिट्ट्या येतात. इथे चेहरा जवळपास हलत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं मला थंड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हे नाचाचं इनोउए घराणं आहे, त्यावर नोह या जुन्या, संथ जपानी नाटकाची छाप आहे, गुडघे वाकवून कंबर खाली ठेवायची आणि मग नुसता पंखा जरा कलला तरी अर्थ बदलतो. एकदा ते कळलं की नजर हलत नाही. गिओन कोबूत आजही फक्त हेच घराणं शिकवतात. सम्राट तोक्योला गेले आणि क्योतोची रया गेली, तेव्हा शहरात माणसं यावीत म्हणून 1872 च्या प्रदर्शनासाठी हा नाच उभा केला, बसवला तो तिसऱ्या इनोउए याचियोंनी. शहर सावरायला नाच करणाऱ्या बायका पुढे आल्या, हे मला फार भारी वाटतं.

जपानी येत नसेल तर गाण्याचे शब्द कळणार नाहीत, जायच्या आधी प्रवेशांचे विषय वाचून ठेवा. आत फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे.

एप्रिल जमत नसेल तर क्योतोतल्याच गेशांच्या दुसऱ्या वस्त्यांचे नाच आहेत, पोन्तोचोची कामोगावा ओदोरी मे महिन्यात असते, आणि गिओन हिगाशीची गिओन ओदोरी नोव्हेंबरमध्ये. मी पुढच्या वेळी नोव्हेंबरचीच तिकिटं काढणार आहे.