रेबीजची रक्तचाचणी: जर्मनी सोडण्यापूर्वी की भारतात?

जर्मनीत राहणाऱ्या कुटुंबाला कुत्र्यासह भारतात येऊन परतायचे असेल, तर युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेबीज-प्रतिपिंडांची रक्तचाचणी लागते. ती कोठेही केली, तरी मायक्रोचिपनंतर लस, लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्तनमुना आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा या अटी सारख्याच आहेत. मात्र भारतात नमुना घेतल्यास त्या तारखेपासून तीन महिने उलटल्याखेरीज युरोपात प्रवेश मिळत नाही. उलट, निघण्यापूर्वीच समाधानकारक निकाल कुत्र्याच्या पासपोर्टमध्ये नोंदवलेला असेल, तर ही प्रतीक्षा लागू होत नाही, आणि पुढील लस मुदतीत दिली जात राहिल्यास चाचणीही पुन्हा करावी लागत नाही. मुक्या प्राण्याची घरच्यांपासून होणारी ताटातूट टाळणारा, निघण्यापूर्वीच चाचणी करण्याचा हा मार्ग मला निःसंशय योग्य वाटतो. भारतातच वाढलेल्या कुत्र्यासाठी मात्र भारतात चाचणी करून तीन महिने थांबण्याला पर्याय नाही.