प्रोग्रेसिव्ह नायट्रस कंट्रोलर: दिवाळीपासूनचा अनुभव, सांगलीच्या उन्हासकट

माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकवर (१.५ लिटर) ५० हॉर्सपॉवरचा नायट्रसचा वेट शॉट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड आणि त्याच्या जोडीला जादा पेट्रोल सोडून मिळणारी ताकद) आहे आणि दिवाळीपासून त्यावर बाहेरून मागवलेला प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर, म्हणजे नायट्रस एकदम न सोडता हळूहळू वाढवणारा डबा, चालवतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो. गाडी फक्त स्ट्रिपवर (शर्यतीच्या सरळ पट्ट्यावर) पळते, तीही ट्रेलरवरून नेऊन. असले बदल करून रस्त्यावर फिरलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. शिवाय विश्रामबागच्या गर्दीत जादाची ताकद लावणार तरी कुठे?

घेताना सगळे रॅम्पच (नायट्रस वाढवत नेण्याचा वेग) विचारतात: किती टक्क्यांपासून, किती सेकंदांत. कुपवाडला एमआयडीसीत माझं काम करणारा मिस्त्री मात्र म्हणाला, "दादा, चालू कशी हुती ते सगळंच दावत्यात. बंद कशी हुती ते बघा." आता एवढ्या वापरानंतर मीही तेच सांगेन.

रॅम्प कामाचा आहेच. फ्रंट व्हील ड्राइव्ह असल्यामुळे पहिल्या गिअरला पूर्ण शॉट टाकला की टायर नुसते जागेवर फिरतात. पण सुरुवात फार खाली ठेवू नका. कंट्रोलर सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) उघडझाप करून प्रमाण सांभाळतो. नायट्रसच्या सोलेनॉइडला ९००-१००० पीएसआय दाबाच्या विरोधात उघडायचं असतं, पेट्रोलच्या सोलेनॉइडला जेमतेम ४०-५०. १०-१५ टक्क्यांवर पेट्रोलवाला उघडतो, नायट्रसवाला नुसता टकटकतो, आणि गाडी रिच होऊन (पेट्रोल जास्त पडून) अडखळते. मी ३० टक्क्यांवर ठेवलंय. दुसरं म्हणजे, गिअर बदलताना पाय सुटला की रॅम्प पहिल्यापासून सुरू करायचा की होता तिथूनच पुढे न्यायचा, ही सेटिंग हवीच. माझ्यात आहे, नाहीतर दुसऱ्या गिअरला गाडी मेल्यासारखी वाटली असती.

आता नायट्रस बंद होण्याचं. आरपीएमची खिडकी, म्हणजे नायट्रस चालू राहायची खालची-वरची मर्यादा, मी ३५०० ते ६५०० ठेवलीय. इथे एक फार वाईट खड्डा आहे. अमेरिकी डबे बऱ्याचदा आठ सिलिंडरवर सेट होऊन येतात. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्यूटरवाल्या गाडीत टॅकच्या (आरपीएम मीटरच्या) वायरवर एका फेऱ्याला दोन पल्स येतात, डबा चार धरतो. म्हणजे इंजिन ६००० वर असताना याला ३००० दिसतात आणि वरची मर्यादा कधी लागतच नाही. सोलेनॉइड जोडायच्या आधी कंट्रोलरचा आकडा मीटरशी ताडून बघा. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज शिकवायची सोय असेल तर बरं, पेडलखालच्या मायक्रोस्विचपेक्षा ती भरवशाची.

वाइडबँडची (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरची) इनपुट असलेलाच डबा घ्या. मिश्रण ठरवलेल्या आकड्यापेक्षा लीन झालं (पेट्रोल कमी पडलं) की माझा डबा नायट्रस तोडतो. मार्चमध्ये पेट्रोलचा पंप थकला तेव्हा त्याने मध्येच तोडलं. पिस्टन वाचले. डब्याचे सगळे पैसे मी त्या एका पासमध्ये (स्ट्रिपवरच्या धावेत) वसूल धरतो. टायमिंग रिटार्डचं (प्लगची ठिणगी उशिरा पाडायचं) आउटपुटही आहे, पण माझ्या इग्निशनला ते जुळत नाही. डिस्ट्रिब्यूटर फिरवूनच दोन डिग्री मागे घेतलंय, प्लगही नेहमीपेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर काढून टाकणारे) घातलेत.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळीच. नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश. त्याच्या वर बाटलीत द्रव राहतच नाही, आणि आपल्याकडे एप्रिलात बाहेरच चाळीस! डिकीत प्रेशर ११०० च्या पुढे गेलं की जेटमधून (नायट्रस मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) नायट्रसचं गणित बिघडतं आणि मिश्रण घसरतं. परदेशी रिव्ह्यूत बाटलीच्या हीटरचं कौतुक असतं, इथे मी त्याची वायरही जोडली नाही. ओलं गोणपाट, सावली आणि प्रेशर बघून मगच पास. कंट्रोलर प्रेशर सेन्सर घेत असेल तर वरची मर्यादाही लावता येते.

तक्रारी आहेत. स्क्रीन दुपारच्या उन्हात दिसत नाही, बटणं हातमोज्यांत कळत नाहीत, मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा आमच्या मिस्त्रीने बघितला आणि बाजूला ठेवला. सोलेनॉइड थेट चालवणाऱ्या डब्यांना अर्थ जाड वायरने सरळ बॅटरीवरून द्या, बॉडीवरून दिली तेव्हा आरपीएमचा आकडा नाचत होता.

५० चाच शॉट असेल आणि हात आखडता असेल, तर प्रोग्रेसिव्ह सोडा. साधा विंडो स्विच (ठरलेल्या आरपीएममध्येच नायट्रस चालू ठेवणारा), पेट्रोल प्रेशरचा कट-ऑफ स्विच घ्या आणि उरलेल्या पैशात वाइडबँड. शॉट ७५-१०० वर न्यायचा विचार असेल तरच हा डबा, आणि घेण्याआधी तो किती अँपिअरचा सोलेनॉइड झेपवतो ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.