मोगऱ्याचा ॲब्सोल्यूट: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

ऑनलाइन 'मोगऱ्याचं शुद्ध इसेन्शियल ऑइल' म्हणून दोनशे-तीनशे रुपयांना जी बाटली मिळते, ती घेऊ नका. इसेन्शियल ऑइल सहसा वाफेवर काढतात, पण मोगऱ्याचा नाजूक वास वाफेच्या उष्णतेत बिघडतो, म्हणून त्याचा अर्क वेगळ्या रीतीने काढावा लागतो. फुलं हेक्झेन या द्रावकात भिजवून आधी मेणासारखं कॉन्क्रीट मिळवतात आणि ते अल्कोहोलने धुऊन, मेण वेगळं करून उरतो तो ॲब्सोल्यूट. हजार किलो फुलांतून कॉन्क्रीट दोन किलोही भरत नाही, ॲब्सोल्यूट त्याहून कमी. जाईचा उतारा तरी जरा बरा असतो. एका ग्रॅमला शेकड्यांनी रुपये का पडतात, ते यावरून कळेल.

माझा अर्क तामिळनाडूतला. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या भागात अत्तर-उद्योगासाठीही फूल जातं. कळ्या दिवसा खुडतात, पण मोगरा उमलतो रात्री आणि खुडल्यावरही वास तयार करत राहतो. म्हणून त्या उमलेपर्यंत थांबून मगच अर्क काढायला घेतात.

बाटली उघडल्यावर गजऱ्याचा वास येईल अशी अपेक्षा असेल, तर पहिली भेट अवघड जाते. नुसता अर्क गडद तपकिरी, दाट आणि उग्र असतो. त्याच्या तळाशी एक प्राणिज, जवळजवळ कुजकट दर्प जाणवतो. तो इंडोलचा, म्हणजे फुलातच असणाऱ्या एका रसायनाचा. हेच इंडोल अगदी थोडं असलं की फूल जिवंत वाटतं. कृत्रिम मोगरा साबणासारखा सपाट का लागतो, हे मला हा अर्क वापरल्यावर उमगलं.

खरी गंमत पातळ केल्यावर आहे. मी ०.३ ग्रॅम अर्क ९.७ ग्रॅम फ्रॅक्शनेटेड खोबरेल तेलात घालते (हे तेल थंडीत गोठत नाही) आणि दोन-तीन आठवडे बाटली अंधारात ठेवते. घाई केली तर वास कच्चा, हिरवट राहतो. मुरल्यावर मात्र आधी द्राक्षासारखा गोडवा, मग हिरव्या देठाचा ताजेपणा, आणि तासाभराने अंगाच्या उबेतून वर येणारा खरा मोगरा. दुपारच्या जेवणानंतरही मनगटाशी नाक नेलं तर तो असतो. आजूबाजूच्यांना लांबून कळत नाही, आणि मला ते फार आवडतं.

पावसाळ्यात तो सगळ्यात सुंदर खुलला. मे महिन्याच्या घामात गोडवा जड होतो. तेव्हा मी त्यात वाळ्याचं तेल थोडं मिसळते. वाळ्याचा मातीसारखा कोरडेपणा मोगऱ्याला आवरून धरतो. चंदनाबरोबरही छान जमतो, पण मग तो उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या पारंपरिक अत्तराकडे झुकतो. तिथे देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, उकळलेल्या फुलांची वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात, त्यामुळे त्या अत्तरात फुलाइतकंच चंदन बोलतं. ज्यांना चंदन हवंय त्यांनी सरळ तेच घ्यावं.

त्रासाचं म्हणाल तर डाग. पांढऱ्या सुती ओढणीवर पडलेला थेंब पिवळट-तपकिरी झाला आणि धुऊनही गेला नाही. कपड्याला लावूच नका. कानामागे, मनगटावर, किंवा कापसाचा फाया करून. कोपराच्या आतल्या बाजूला लावून आधी एक दिवस थांबा, कारण मोगऱ्याच्या अर्काची काहींना ॲलर्जी येते. नैसर्गिक आहे म्हणून तो सौम्य असतो असं नाही.

विक्रेत्याकडे त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल (अर्कात कोणती रसायनं आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीचा) मागा. अहवालात इंडोल, लिनालूल, बेंझिल ॲसिटेट, मिथाइल अँथ्रॅनिलेट ही नावं दिसायला हवीत. नुसतीच दोन-तीन रसायनं दिसली, तर माल बनावट आहे असं समजा. आणि एका वेळी एक-दोन ग्रॅमच घ्या, गडद काचेत, फ्रिजमध्ये ठेवा. माझा आता तळाला आलाय. पुढची खरेदी पुन्हा मोगऱ्याचीच, जोडीला जुईचा एक ग्रॅम.