गाण्यातून वाचन: एजिसब आणि एमपीव्ही घरी वापरल्यानंतरचा अनुभव

लहान मुलांना गाण्यातून वाचायला शिकवणारी म्हणून जी तयार अ‍ॅप्स आम्ही आधी पाहिली, त्यांतली गाणी गोड होती आणि चित्रे देखणी होती. परंतु शब्द पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत येत आणि सबंध ओळ एकदमच रंगत असे. मुलीचे डोळे चित्रावर आणि तोंडी गाणे, अशा स्थितीत वाचनाकडे कोणाचेच लक्ष राहत नव्हते. ती पहिलीत गेली त्या पावसाळ्यात आम्ही वेगळा मार्ग धरला. गाण्याच्या प्रत्येक अक्षराला वेळ लावण्यासाठी, म्हणजे ते नेमके कधी उजळावे हे ठरवण्यासाठी, एजिसब आणि ते गाणे पडद्यावर चालवण्यासाठी एमपीव्ही, अशी दोन मोफत सॉफ्टवेअर घेतली. दोन्ही मुलांसाठी बनवलेली नाहीत. तरीही इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे आहे की, घरातल्या मोठ्या माणसाची वेळ देण्याची तयारी असेल तर मराठी वाचनासाठी याहून उपयुक्त साधन आम्हाला मिळाले नाही.

या कल्पनेला आपल्याकडे जुना आधार आहे. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी 1996 च्या सुमारास गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर दाखवण्याचा विचार मांडला, 1999 मध्ये तो गुजराती चित्रपटगीतांच्या दूरदर्शन कार्यक्रमात आला, आणि पुढे ‘चित्रहार’ व ‘रंगोली’मधूनही वापरला गेला. आवडते गाणे माणूस पुन्हा पुन्हा ऐकतो, पुढचा शब्द त्याला ठाऊक असतो आणि नजर आपोआप त्या शब्दाकडे जाते, हे त्यामागचे साधे तत्त्व. मात्र दूरदर्शनचा प्रेक्षक गाणे थांबवू शकत नव्हता. घरच्या संगणकावर मूल ते थांबवू शकते, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आमची गाणी माझ्या सासूबाईंनी रचलेली आहेत. ‘हिरवा रावा झाडावर, पिवळा आंबा फांदीवर’ अशा धाटणीच्या ओळी त्यांनी पेटीवर म्हटल्या आणि आम्ही त्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. एजिसबमध्ये कराओकेची सोय आहे. तेथे ओळीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा किती वेळ उजळावा हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठरवता येते. सॉफ्टवेअर स्वतःहून शब्दागणिक तुकडे पाडते. अक्षरांचे तुकडे आपल्याला हाताने पाडावे लागतात. येथे देवनागरी लिहिणाऱ्याने एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. उजळण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत: ‘केएफ’ या खुणेने रंग डावीकडून उजवीकडे हळूहळू भरत जातो, तर ‘के’ या खुणेने सबंध तुकडा एकदम उजळतो. भरत जाणारा रंग दिसायला सुंदर असतो, पण ‘हि’ लिहिताना पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी येते आणि उच्चारात ‘ह’ नंतर. रंग आधी वेलांटीवर चढला की डोळ्यांचा आणि कानांचा क्रम उलटा होतो. म्हणून आम्ही ‘के’ वापरतो, अक्षर अखंड ठेवतो आणि जोडाक्षराच्या मध्ये खूण कधीही घालत नाही.

रफाराने याहून अधिक विचार करायला लावले. ‘सूर्य’ हा शब्द गाताना ‘सूर्’ आणि ‘य’ असा फुटतो, लिहिताना मात्र ‘सू’ आणि ‘र्य’. आम्ही लिहिलेल्या अक्षराची बाजू घेतली आणि गळ्यातून ‘र्’ निघताच ‘र्य’ उजळेल अशी वेळ लावली. तो शब्द प्रथम आला तेव्हा मुलीने गाणे थांबवून ‘आई, र ऐकू आला, पण दिसत नाही’ असे विचारले. मी पडद्यावर ‘य’च्या डोक्यावरची वळलेली रेघ दाखवली. तिने ती बोटाने गिरवली, तोच तुकडा पुन्हा ऐकला आणि मग वहीत ‘सूर्य’ लिहिला. असा प्रश्न तिला स्वतःहून पडला, याचे श्रेय मी अक्षरागणिक उजळणाऱ्या ओळीला देते.

गाण्याचा दुसरा लाभ मराठीच्या उच्चारातून येतो. बोलताना आपण ‘हिर्वा’ आणि ‘झाडावर्’ म्हणतो. आतला आणि शेवटचा ‘अ’ गळून जातो आणि मूल लिहिताना गोंधळते. सावकाश गाताना ‘हि-र-वा’, ‘झा-डा-व-र’ अशी सारी अक्षरे सुटी ऐकू येतात. आपले छंदही याला अनुकूल आहेत. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत 6-6 आणि चौथ्यात 4 अक्षरे असतात, म्हणजे मोजणी अक्षरांचीच असते. त्या मापाच्या रचना आम्हाला अक्षरे उजळवण्यासाठी सर्वांत सोयीच्या वाटल्या. जलद चालीची चित्रपटगीते मात्र या कामाची नाहीत. त्यांत डोळे मागे पडतात.

एमपीव्हीच्या कळा मुलीने लवकर आत्मसात केल्या. चौकटी कंसाच्या कळांनी वेग कमी-अधिक होतो आणि सूर बदलत नाही, त्यामुळे आजीचा आवाज सावकाश केला तरी आजीचाच राहतो. ‘कंट्रोल’ धरून डावा बाण दाबला की मागच्या ओळीवर जाता येते. ‘एल’ कळ तुकड्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा दाबली की तोच तुकडा फिरत राहतो. ‘व्ही’ने शब्द लपतात आणि पुन्हा दाबल्यावर दिसतात.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. गाणे पाठ झाले की मूल वाचत नाही, फक्त गाते, आणि पालकांना वाटते की ते वाचते आहे. हा धोका या पद्धतीतच आहे. त्यावर उपाय केला नाही तर सारी मेहनत वाया जाते. आम्ही प्रत्येक गाण्याची दुसरी प्रत केवळ पेटीची ठेवली आणि त्या प्रतीच्या मजकुरात एखादा शब्द बदलू लागलो. ‘पिवळा आंबा’च्या जागी ‘पिवळा पेरू’ घातला. मात्रा सारख्या असल्याने चाल बिघडत नाही. मुलगी सवयीने ‘आंबा’ गाऊन गेली, पुढच्याच शब्दावर अडखळली, ओळ मागे घेतली आणि ‘पेरू’ असे मोठ्याने म्हणाली. त्यानंतर प्रत्येक गाण्यात बदललेला शब्द शोधणे हाच तिचा आवडता खेळ झाला. याखेरीज ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीची अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशी चढती वाचन चाचणी सर्वांना पाहता येते. अधूनमधून त्यातला न पाहिलेला मजकूर आम्ही तिला चालीशिवाय वाचायला देतो. सुरुवातीला ती सुट्या शब्दांपाशी थांबत असे, आता परिच्छेद वाचते. शाळेतल्या बाईंचाही यात मोठा वाटा आहे, त्यामुळे किती प्रगती गाण्याची आणि किती शाळेची हे वेगळे काढण्याचा दावा मी करणार नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. एमपीव्ही मुलाचा आवाज ऐकत नाही, चुकीचा उच्चार दाखवत नाही. शेजारी मोठे माणूस बसावेच लागते. चार ओळींच्या गाण्याला वेळ लावण्यात पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ जाते. एजिसबची मांडणी नवख्या माणसाला किचकट वाटते.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी जोडाक्षर नसलेल्या दोन ओळींपासून आरंभ करावा, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असलेला टंक (फॉन्ट) निवडावा, अक्षरे पडद्याच्या मध्यावर मोठी ठेवावीत आणि मागे चित्र घालू नये, साधा गडद रंग पुरतो. ध्वनिफीत आणि शब्दांची फाइल एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने ठेवली की एमपीव्ही शब्द आपोआप उचलतो.