श्रावणातही न फुगलेली गिटार

पावसाळा आला की कोकणात दारं फुगतात. कुडाळच्या आमच्या घरात देवघराची कडी आषाढापासून लागत नाही. अस्सल लाकडाची गिटारही या हवेत तेच करते. वरची फळी पोटासारखी फुगते, तारा वर उचलल्या जातात, दाबताना बोटं दुखतात. माझी ४२ हजारांची 'हाताने घडवलेली' गिटार मात्र श्रावण सरला तरी ढिम्म. मी खूश! कारागिरी म्हणतात ती हीच.

घेतली मे महिन्यात. विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला होता. अंगठा खर्जात चालतोय, बोटं वर चाल वाजवतायत आणि प्रत्येक तार सुटी ऐकू येतेय. बोटांनी वाजवणाऱ्याला आणखी काय हवं? वरची फळी स्प्रूस लाकडाची, पाठ आणि कडा शिसवीच्या, असं त्याचं म्हणणं. ५ हजार आगाऊ यूपीआयने घेतले. गिटार तो मांडवी एक्सप्रेसमधून जाता जाता कुडाळ स्टेशनवर देणार, बाकी रोख. गाडी थांबते दोनेक मिनिटं. तेवढ्यात पैसे मोजायचे की गिटार बघायची?

घरी वाजवली तर आवाज डब्यात कोंडलेला. "नवी आहे, वाजवून मोकळी होईल," तो फोनवर म्हणाला. नव्या स्प्रूसबद्दल सगळेच असं बोलतात, म्हणून मलाही पटलं.

उलगडा केला देवघराच्या दाराला रंधा मारायला आलेल्या सुतारकाकांनी. गिटार उचलून त्यांनी भोकातून मोबाईलचा टॉर्च मारला. बाहेर पाठीवर शिसवीची काळी शीर, आत त्याच जागी फिकट, कोरं लाकूड. मग भोकाच्या कडेचा काळा रंग नखाने खरवडला. खाली तीन थर. अखंड फळीचे रेषे कडेवरून तसेच खाली उतरतात, इथे मधला थर आडवा.

"ह्यां प्लाय आसा रे."

प्लायची गिटार वाईट नसते, आमची दमट हवा तर तीच सोसते. पण फळी ताठ राहते, हलक्या बोटाला ओ देत नाही. आणि तिला कुणी ४२ हजार मोजत नाही.

विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली, पण रोख ३७ हजारांची पावती कुठून आणू? पाठ चिकटवण्याआधीचे, आतल्या पट्ट्या दिसणारे फोटो मी मागितले होते. ते खऱ्या कारागिराकडे सहसा असतात. "जुना मोबाईल पाण्यात पडला," म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं.

"केवढ्याक घेतलंस?" काकांनी विचारलं.

"आठ हजार," मी म्हणालो.

"म्हाग पडली," म्हणत ते दाराकडे वळले.