ओढ्यातील कीटकांची हातजाळी : खानापूरच्या एका शिंप्याचे काम

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि जांबोटी, कुसमळीवरून बेळगाव जिल्ह्यातील खानापूरला येते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत या पट्ट्यातील ओढ्यांतून आणि नदीपात्रातून जलकीटकांचे नमुने गोळा करण्याचे काम मी गेले 3 हंगाम करत आहे. या कामाची सगळी भिस्त एका हातजाळीवर असते. ती मी खानापूरच्या बाजारातील एका लहान शिलाईच्या दुकानातून शिवून घेतली आणि दोन हंगाम वापरली, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी इंटरनेटवरून मागवलेली तयार जाळी माझ्याकडे होती. तिच्या माहितीत 500 मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची, भोके असे लिहिले होते, परंतु शंका आल्यामुळे मी कापडावर पट्टी ठेवून भिंगाखाली मोजले, तेव्हा एका सेंटिमीटरमध्ये जेमतेम 7 भोके भरली. म्हणजे प्रत्येक भोक जवळजवळ 1 मिलिमीटरचे होते. मेफ्लाय या जलकीटकाची लहान पिल्ले एवढ्या भोकातून सहज निसटतात आणि नदीत कीटक कमी आहेत अशी खोटी नोंद आपल्याच हातून होते. ही चूक साधी नाही. स्टोनफ्लायची पिल्ले थंड, वाहत्या, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातील दगडांखाली राहतात, तर गावाचे सांडपाणी मिसळते तिथल्या चिखलात लाल अळ्या आणि गांडुळासारखे बारीक कृमी वाढतात. वरच्या आणि खालच्या पाण्यातील हा फरक मांडायचा असेल, तर दोन्हीकडे जाळी एकाच मापाची आणि खात्रीची हवी. भोके फार बारीक ठेवूनही चालत नाही, कारण गाळाने कापड तुंबते आणि पाणी जाळीत शिरण्याऐवजी तोंडाशी अडून बाजूने निघून जाते.

म्हणून नायलॉनचे जाळीदार कापड मीटरवर विकत घेतले, भोके स्वतः मोजली आणि ते घेऊन दुकानात गेले. शिंपीमामांनी असली वस्तू पूर्वी कधी शिवली नव्हती. त्यांनी जुनी जाळी उलटीसुलटी करून पाहिली, आतल्या शिवणीच्या दुमडीत नख घालून तिथे वाळून चिकटलेला एक कीटक बाहेर काढला आणि म्हणाले, “ताई, शिवण आत ठेवली तर तुमचं किडं तिथंच अडकून बसणार की. बाहेरनं घालतो.” मेफ्लायची ओळख पटवताना पोटाच्या कडेचे कल्ले आणि शेपटीचे तंतू पाहावे लागतात, आणि दुमडीतून चिमट्याने ओढताना नेमके तेच तुटतात. तयार जाळी करणाऱ्याच्या लक्षात न आलेली ही गोष्ट मामांना एका नजरेत कळली, याचे मला आजही फार कौतुक वाटते.

चौकट शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची करून घेतली, म्हणजे तिची सरळ बाजू तळाशी नीट टेकते. त्या बाजूला मामांनी कॅनव्हासची दुहेरी पट्टी लावली. आमच्या पद्धतीत जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून तिच्यापुढील दगड 3 मिनिटे पायाने ढवळावे लागतात, आणि तेवढ्या वेळात तळाच्या खडबडीत दगडांवर नुसते नायलॉन घासून फाटते. ही पट्टी दोन हंगामांनंतरही शाबूत आहे. पिशवीचा तळही निमुळता न ठेवता गोलसर ठेवल्यामुळे ती पांढऱ्या ट्रेमध्ये उलटली की कॅडिसफ्लायच्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून केलेल्या त्यांच्या इवल्याशा नळ्यांसकट, न चिरडता बाहेर येतात.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या वेळी शिलाईला सुती दोरा वापरला होता. रोज भिजून तो कुजला आणि जानेवारीत खानापूरजवळच्या असोग्याच्या पात्रात उभी असतानाच एका बाजूची शिवण उसवली. त्या दिवसाचा नमुना वाया गेला. मामांनी काही न बोलता, पैसे न घेता, नायलॉनच्या दोऱ्याने सगळी शिवण पुन्हा घातली, तरीही कापड देतानाच दोऱ्याविषयी सांगणे ही माझीही जबाबदारी होती. कॅनव्हास लवकर वाळत नाही, त्यामुळे जाळी ओलीच गुंडाळून ठेवली तर बुरशी धरते. तुळशीचे लग्न झाल्यावर दुकानात लग्नसराईच्या कपड्यांची एवढी गर्दी होते की चार दिवसांच्या कामाला तीन आठवडे लागले. जाळी ऑक्टोबरच्या आरंभी हातात हवी असेल, तर गणपतीपूर्वीच कापड नेऊन द्यावे.

शिलाईचे 400 रुपये झाले. कापड आणि चौकट वेगळी. कागदावर कापलेला नमुना मामांनी जपून ठेवला आहे, त्यामुळे आता मापे पुन्हा सांगावी लागत नाहीत. कुसमळीच्या पुलाखालच्या रुंद पात्रासाठी मी आणखी एक जाळी त्यांच्याकडे टाकली आहे, आणि या वेळी नायलॉनच्या दोऱ्याचे रीळ मी स्वतःच नेऊन दिले आहे.